नानांच्या गाडीचा क्लच

नानांचे डोळे गेल्यावर आमची गाडी अंगणातल्या लिंबाखाली उभी राहिली, ती उभीच राहिली. नाना म्हणजे माझे वडील. ते जनावरांचे डॉक्टर होते आणि त्यांचा दवाखाना म्हणजे ही गाडीच. एका जुन्या जहागीरदाराच्या घरातून ती त्यांनी घेतली होती. विलायती बनावटीची, माझ्याहून वयानं पुष्कळ मोठी, गडद हिरव्या रंगाची. तळाला लाकडी फळ्या आणि पुढच्या बाजूला हातानं फिरवून चालू करायचं लोखंडी हँडल. मागच्या सीटवर औषधाची पेटी, दोरखंड आणि साबणाचा डबा असायचा. एकदा तर पाय मोडलेलं वासरू त्या सीटवरून शहरात आलं होतं. आई नंतर कितीतरी दिवस ती सीट घासत होती आणि घासता घासता नानांना बोलत होती. पिशोरकडच्या डोंगरात शेरडं-मेंढरं चारणारे लोक सांगायचे, की डाक्टरची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते, आणि ती ऐकू आली की लोक आजारी जनावर सावलीला आणून बांधतात.

सुट्टीच्या दिवशी मी नानांबरोबर जायची. तिकडच्या माळावर, जिथं आदळायला बाभळीशिवाय काही नव्हतं, तिथं त्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं. मुलीनं गाडी चालवायची त्या काळात आमच्या पदमपुऱ्यात पद्धत नव्हती, पण नानांच्या डोक्यात तो प्रश्न कधी आलाच नसावा. "क्लच जनावरासारखा सोडायचा सुमे," ते म्हणायचे, "दचकू द्यायचं नाय."

मग काचबिंदू आला. तो हळूहळू आला म्हणून आम्हाला कळला नाही. नानांना बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं धूसर झालं. एके दिवशी शहागंजात त्यांनी भाजीच्या हातगाडीला धक्का दिला. कुणाला लागलं नाही, नुसती वांगी रस्ताभर झाली. नाना तशीच गाडी घरी घेऊन आले, लिंबाखाली लावली, किल्ली आईच्या हातात दिली आणि आत गेले. ऑपरेशन झालं, पण गेलेली नजर परत आली नाही.

आमचं घर छोटं होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि बाजूला अंगण. पुढच्या खोलीत खुर्चीवर नाना बसून राहायचे, शेजारी रेडिओ. तो लावलेला असायचा, पण ते ऐकत असतील असं वाटायचं नाही. स्टेशनावरच्या गाड्यांच्या शिट्या, पलीकडच्या गिरणीची घरघर, शेजारच्या घरातून शुक्रवारी येणारा मटणाच्या खलियाचा वास, सगळं त्या खोलीतून जायचं आणि नाना तसेच. जनावरं घेऊन लोक सुरुवातीला आले. नाना आतूनच म्हणायचे, "त्यांना सांग, डाक्टर नाय राहिले." हळूहळू लोक यायचे थांबले. आईनं आमटीला लावायचं येसर आणि मसाले करून विकायला सुरुवात केली. दिवसभर अंगणात धणे, बाजरी, गहू, डाळी भाजल्या जायच्या. गाडीच्या टपावर आई सुपं पालथी घालायची, बॉनेटवर मिरच्या वाळायच्या. आज माझ्या सुनेनं येसर भाजायला घेतलं की मला पहिल्यांदा तापलेल्या पत्र्याचा आणि पेट्रोलचा वास येतो. तिला हे सांगून उपयोग नाही, ती खिडकी उघडायला धावेल.

त्या दसऱ्याच्या सुमाराला आईनं गाडी भंगारात काढायचं ठरवलं. नाना "काढ" एवढंच बोलले. भंगारवाले करीमभाई आमच्या ओळखीचे, आईला वहिनीसाहेब म्हणणारे. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, टायरांत हवा भरली, आपल्या टेम्पोची बॅटरी जोडली, थोडं पेट्रोल ओतलं. ओढून नेण्यापेक्षा चालत नेता आली तर बरी, असा त्यांचा विचार. हँडल फिरवून फिरवून ते घामाघूम झाले. आणि एकाएकी, इतक्या वर्षांनी, गाडी खोकली, धूर सोडला आणि चालू झाली. आई परात हातात घेऊन दारात उभीच राहिली. करीमभाई आत बसले, क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेले, तेव्हा अख्ख्या गल्लीनं दात करकरल्यासारखा आवाज ऐकला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

"क्लच दाबा की!"

आम्ही सगळ्यांनी मागं पाहिलं. नाना दाराच्या चौकटीला धरून उभे होते. कुणी न बोलावता ते अंगणाच्या दारापर्यंत आले, असं त्या खोलीत बसल्यापासून कधी झालं नव्हतं.

"पूरा दाब्या डाक्टरसाब," करीमभाई म्हणाले. "इंजन जिंदा है, मगर क्लच चिपक को बैठ्या. अब तो बांध को ले जाना पडता."

नानांनी मान हलवली आणि भिंत चाचपत आत गेले. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीतरी दिसलं होतं. दुखणाऱ्या गायीकडं बघताना ते असेच तोंड थोडं उघडं ठेवून, मान एका बाजूला करून उभे राहायचे. मी करीमभाईंना म्हटलं, "चाचा, दिवाळीत या." आईनं माझ्याकडं अशी काही नजर टाकली की मी परातीतले धणे पाखडायलाच बसले.

त्या दुपारी मी नानांना विचारलं, "क्लच चिकटला म्हणजे नेमकं काय होतं?" वाटलं, उत्तर देणार नाहीत. पण त्यांनी माझा हात मागितला. माझा तळहात त्यांनी आपल्या दोन तळहातांमध्ये गच्च दाबला. "हा माझा डावा हात म्हणजे इंजिनाचं चाक. तुझा हात ती क्लच प्लेट. दोन्हीकडून दाब आहे तोवर इंजिन फिरलं की तूपण फिरणार, आन् तुझ्यामागचा गिअरबॉक्सपण." त्यांनी डावा हात गोल फिरवला, माझा हात त्याबरोबर फिरला. "आता पायानं क्लच दाबला की हा उजवा हात सुटतो, तू मोकळी होतेस. पण गाडी वर्षानुवर्षं ओल खात उभी राहिली तर? प्लेट चाकाला गंजानं धरून बसते. दाब सुटला तरी ती सुटत नाय." त्यांनी उजवा हात काढून घेतला, तरी माझा हात त्यांच्या डाव्या हातावर तसाच होता. मी तो उचलला नाही.

"मग ती सोडवायची कशी?"

"गिअरबॉक्स उतरवायला लागतो."

"उतरवू," मी म्हटलं.

ते हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "कोण उतरवणार? मी?"

"मी उतरवते. तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना हाताला धरून अंगणात आणलं. पुढच्या सीटा काढल्या, तळाच्या फळ्या उपसल्या, आणि खाली गिअरबॉक्सची काळी पाठ दिसली. नाना आतमध्ये पोत्यावर मांडी घालून बसले. मी गाडीखाली पाठीवर, तोंडावर माती आणि वंगण झेलत. त्यांनी वरून हात लावून सांगायचं आणि मी पाना चालवायचा. मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा मी सोडवला. गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडाचे ठोकळे दिले. इंजिनाला धरून ठेवणारे बोल्ट एकेक करून निघाले. काही सहज निघाले, काहींनी माझ्या हाताची सालं काढली. वर नाना प्रत्येक बोल्ट तळहातावर घेऊन त्याचे आटे बोटांनी तपासायचे आणि वाटीत टाकायचे. मधूनच आई भाकरीवर ठेचा ठेवून आणून द्यायची आणि काही न बोलता जायची. कित्येक महिन्यांनी नानांनी त्या दिवशी दुसरी भाकरी मागितली.

सगळे बोल्ट निघाले, पण गिअरबॉक्स निघेना. मी खालून ओढला, नानांनी वरून हेलकावला. जणू एकाच लोखंडातून घडवलेला. नानांनी गिअरबॉक्सच्या माथ्यावरचं छोटं झाकण काढून त्यातून बोटं घातली आणि त्यांना कळलं. गिअरबॉक्सचा दांडा क्लच प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात बसतो, एरवी तो सुरळीत सरकून बाहेर येतो. तिथंही गंज चढला होता. म्हणजे प्लेट चाकाला धरून बसलेली आणि दांडा प्लेटला.

त्यांनी घासलेट आणि इंजिनचं ऑइल मिसळून त्या फटीत सोडायला लावलं. दिवसातून जमेल तेव्हा मी थेंब थेंब सोडायची. "आता कळ काढायची," नाना म्हणाले. पण कळ त्यांनाच निघेना. इतके दिवस अंधारात बसलेल्या माणसाला एकदा काम मिळाल्यावर थांबणं किती अवघड असतं हे मला आता, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुर्चीत बसून, समजतं. त्यांनी हातोडी मागितली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात त्या फटीत मी छिन्नी धरायची आणि त्यांनी हलके ठोके द्यायचे असं ठरलं. पहिले ठोके हलकेच होते. मग ते जोर करू लागले. "नाना, हळू. कवच फुटंल," मी म्हणाले. गिअरबॉक्सचं ते कवच बिडाचं, फुटलं तर दुसरं मिळणार नव्हतं आणि गाडी खरोखरीच भंगार झाली असती. त्यांनी ऐकलं नाही. पुढचा ठोका छिन्नीवरून घसरून माझ्या अंगठ्यावर बसला.

मी ओरडले नसते तर बरं झालं असतं, पण ओरडले. नानांच्या हातातून हातोडी पडली. "कुठं लागलं? सुमे, कुठं लागलं?" ते हवेत हात फिरवत राहिले. माझं बोट हाताला लागलं, तेव्हा त्यांना ओलं रक्त समजलं. ते गाडीतून खाली उतरले, उतरताना गुडघ्यावर आपटले, आणि मला हात न लावू देता भिंतीच्या आधारानं आत गेले. रेडिओ लागला. आईनं माझ्या अंगठ्यावर हळद दाबली, फडकं बांधलं. आतून नानांचा आवाज आला, "करीमभाईला निरोप द्या. उद्याच घेऊन जा म्हणावं."

आई उठली. चुलीवरची शेंगोळ्यांची कढई तिनं खाली उतरवली, पदर खोचला आणि पुढच्या खोलीत गेली. आई कधी आवाज चढवायची नाही. त्या दिवशी मात्र अंगणात मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"पोरीचं बोट ठेचलंय, हात नाय तुटला. लई मोठं झालं काय त्यात? म्हशीनं लाथ मारून तुमच्या बरगड्या मोडल्या होत्या, तवा सोडली का डाक्टरी?"

"मला दिसत नाय गं," नाना म्हणाले. तोवर हे वाक्य घरात कुणी उच्चारलंच नव्हतं. नानांनीही नाही.

आईनं रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "व्हय. नाय दिसत. ते मला रोज कळतंय. पण तुम्ही त्या खोलीतून बाहेर आलात तर मला घरात माणूस असल्यासारखं वाटतंय. उठा आता. मी पण येते. सांगा मला काय धरायचं ते."

नाना कधी उठले ते मी पाहिलं नाही, माझे डोळे भरले होते. दोघं अंगणात आले तेव्हा नानांच्या हाताला आईनं धरलं नव्हतं. ते तिच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या मागून येत होते.

हातोडी आम्ही पुन्हा उचलली नाही. नानांनी दुसरा विचार केला होता. गिअर टाकून ठेवायचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला पाना लावून पीळ दिला की आतला दांडा पिळला जाईल. त्याच वेळी पुढून इंजिनाचं हँडल घट्ट धरून ठेवायचं, म्हणजे इंजिन आणि त्याला चिकटलेली प्लेट जागची हलणार नाही. दांडा एकदा इकडं, एकदा तिकडं, केसभर जरी हलला तरी गंज सुटायला लागेल. हँडल आईनं धरायचं, पाना मी चालवायचा. आणि नाना झाकणातून बोटं घालून, दांडा आणि प्लेट जिथं मिळतात तिथं बोटाचं टोक ठेवून सांगणार.

"माझी बोटं आत आहेत," ते आईला म्हणाले. "इंजिन फिरलं तर जातील. हँडल सोडू नको."

"नाय सोडत," आई म्हणाली. तिनं दोन्ही पाय बंपरला टेकवले आणि हँडलवर सगळं अंग टाकलं. येसर कांडणारे तिचे दंड मला गाडीखालून दिसत होते.

"दे सुमे, उजवीकडं. बास. आता डावीकडं. हळू. जनावर दचकंल असं नको." मी पीळ द्यायची, अंगठ्यातून कळ डोक्यापर्यंत जायची. "काही नाय. परत." ऊन लिंबातून सरकत माझ्या पायांवर आलं. गिरणी बंद झाली होती, गल्ली जेवायला बसली होती. आईचा श्वास ऐकू येत होता. "परत," नाना म्हणत होते. "परत."

मग ते एकदम बोलायचे थांबले. मला वाटलं, आत बोट चेंगरलं.

"हाललं," ते कुजबुजले. "सुमे, हाललं. अजून दे."

पुढच्या पिळाला मलाही कळलं. पान्याच्या दांड्यातून हाताला एक बारीक किरकिर आली. मग दांडा मोकळा हलू लागला, लहान मुलाचा दात हलायला लागतो तसा. नानांनी बोटं बाहेर काढली आणि आईला म्हणाले, "सोड आता." ती तिथंच जमिनीवर बसली. नानांनी वरून आणि मी खालून गिअरबॉक्स हेलकावला, मागं ओढला. तो थोडा आला, अडला, पुन्हा आला, आणि ढेकर दिल्यासारखा आवाज करून जॅकवर बसला. आतून काळं, गंजकं तेल माझ्या कपाळावर सांडलं. नाना मोठ्यानं हसत होते. शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावून विचारत होत्या, "काय झालं हो, काय झालं?"

प्लेट तेवढी चिकटलेली राहिली होती. तिला दाबून धरणारं कवच सोडवल्यावर नानांनी आईकडं भाकरीचं उलथणं मागितलं. कडेनं ते अलगद सरकवत, प्लेट फिरवून घेत त्यांनी ती तव्यावरची भाकरी सोडवावी तशी इंजिनाच्या चाकावरून सोडवली आणि दोन्ही हातांत धरून आईसमोर धरली. आई म्हणाली, "माझं उलथणं वाया गेलं." पण तिनं ते उलथणं राखेनं घासून पुढं कितीतरी वर्षं वापरलं.

बाकीचं बरंचसं दिवाळीपर्यंत झालं. प्लेटवर नवं अस्तर बसवून आणलं, चाक काचकागदानं घासलं. करीमभाई गाडी न्यायला आले, अंगणातला पसारा पाहून बाह्या वर केल्या आणि गिअरबॉक्स परत चढवायला खांदा लावला. "वहिनीसाहेब, मेरा धंदा डुबा दिए तुम लोगां," ते म्हणाले आणि फराळाला थांबले.

पाडवा झाल्यावर आम्ही गाडी बाहेर काढली. मी चालवायला, नाना शेजारी, आई मागच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. मी दौलताबादच्या रस्त्याला लागले, कारण तिकडं रहदारी कमी. नाना खिडकीवर कोपर ठेवून इंजिन ऐकत होते. "दुसरा टाक," ते म्हणायचे, आणि मी टाकायची. चढावरसुद्धा क्लच मऊ सुटत होता, गाडी दचकत नव्हती. घाट चढून खुलताबादच्या पुढं आलो. वाटेत एक बाई टोपलीत पेरू, आमच्याकडचे जांब, घेऊन बसली होती. आईनं ते घेतले आणि मीठ लावून आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून खात होतो. नाना गाडीला टेकून उभे होते.

खालच्या शेतातून एक माणूस धापा टाकत वर आला. डोक्याला मुंडासं, हातात काठी. मी त्याला ओळखलं. पिशोरकडचा सखाराम, मेंढरं आणि म्हशी राखणारा, पूर्वी नानांच्या गाडीची वाट बघणाऱ्यांतला. इकडं लेकीच्या घरी आला होता.

"मी म्हटलं आवाज वळखीचा हाय!" तो ओरडला. "डाक्टर, लई दिस झाले. आमच्याकडं येणं सोडलं व्हय तुम्ही? बरं झालं गावलात. लेकीची म्हैस हाय, गाभण हाय का नाय कळंना. बघता का?"

आई माझ्याकडं पाहू लागली. नानांच्या हातातला जांब तसाच राहिला.

"सखाराम, माझे डोळे गेलेत," नाना म्हणाले.

सखारामनं त्यांच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग त्यानं विचारलं, "आन् हात?"

म्हैस गाभण आहे का ते डोळ्यांनी कधीच बघत नाहीत, हात आत घालून चाचपतात. हे मला ठाऊक होतं, नानांना तर माझ्या जन्माआधीपासून. पण त्या खोलीत बसून त्यांना त्याचा विसर पडला होता, आणि आम्हाला सुचलं नव्हतं.

नानांनी सदऱ्याची गुंडी सोडायला घेतली. आईनं तो काढून घडी केला. शेतात जाणाऱ्या पायवाटेवर ते सखारामच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. म्हैस लिंबाला बांधली होती. लेकीनं साबण आणला, नानांनी हात कोपराच्या वरपर्यंत माखला, म्हशीच्या पाठीवर डावा हात ठेवून तिच्याशी काहीतरी पुटपुटले आणि उजवा हात आत सरकवला. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं. म्हैस एकदा फुरफुरली आणि शांत राहिली.

"गाभण आहे," ते म्हणाले. "गर्भ चांगला धरलाय. हिला आता लांब चरायला नेऊ नका."

सखारामची लेक हसली आणि लाजून घरात पळाली. आई लोट्यानं नानांच्या हातावर पाणी ओतत होती. पाणी संपलं तरी नाना हात तसाच पुढं धरून उभे होते. मग त्यांनी मला हाक मारली.

"सुमे, पेट्रोल किती आहे?"

"आहे थोडं. का?"

"पिशोरपर्यंत पुरंल का?"